'ऑनेस्ट' : एका शब्दाचा इतिहास आणि 'ऑथेल्लो'

शब्दाला अनेक अर्थ असतात, हे विधान कोशकाराला जितके निरुपद्रवी वाटते तितके ते समीक्षकाला वाटू नये. कोश अर्थांना क्रमांक देतो. संहितेत मात्र ते क्रमाने येत नाहीत, एकमेकांच्या आड उभे असतात. इंग्रजीतील 'ऑनेस्ट' हा नित्याच्या वापरातील शब्द या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. विल्यम एम्पसनने 'द स्ट्रक्चर ऑफ कॉम्प्लेक्स वर्ड्‌स' (१९५१) या ग्रंथात 'ऑथेल्लो'मधील या एकाच शब्दावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. 'ऑनेस्ट' व 'ऑनेस्टी' ही रूपे नाटकात ५२ वेळा येतात, अशी त्याची गणना आहे.

या शब्दाचे मूळ लॅटिन 'होनोस' म्हणजे मान, सन्मान यात आहे. फ्रेंचमार्गे तो मध्ययुगीन इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ 'प्रतिष्ठित', 'मानास पात्र' असा होता. म्हणजे प्रारंभी तो अंतःकरणाचा गुण सांगत नव्हता, लोकांनी दिलेले स्थान सांगत होता. पुढे त्याला फाटे फुटले. पुरुषाच्या संदर्भात तो व्यवहारातील सचोटीकडे वळला, तर स्त्रीच्या संदर्भात शरीरशुद्धीपुरता आक्रसला. डॉ. जॉन्सनच्या १७५५ च्या कोशातही 'शीलवती' हा अर्थ नोंदलेला आहे. तिसरा फाटा बोलीतला : मोकळाढाकळा, आडपडदा न ठेवणारा गडी. वरिष्ठाने कनिष्ठाला सलगीने 'ऑनेस्ट' म्हणावे, तेव्हा त्या सलगीत कौतुकाबरोबर त्याची पायरी दाखवून देणेही असे.

'ऑथेल्लो'चा १ नोव्हेंबर १६०४ रोजी राजदरबारात प्रयोग झाल्याची नोंद आहे. त्या काळी हे तिन्ही फाटे जिवंत होते. सचोटी हा एकच अर्थ गृहीत धरणाऱ्या आजच्या वाचकाला इयागोला 'ऑनेस्ट' म्हणणे हा केवळ उपरोध वाटतो : दुर्जनाला सगळे सज्जन समजतात, एवढेच. सी. एस. लुइसने 'स्टडीज इन वर्ड्‌स' (१९६०) मध्ये अशाच धोक्याकडे लक्ष वेधले होते. वाचकाच्या काळातील प्रबळ अर्थ जुन्या संहितेत बेमालूम शिरतो आणि तो तेथे अडत नाही, म्हणूनच तो घातक ठरतो. तिन्ही फाटे ध्यानात घेतले की इयागोची स्थिती पालटते. कॅसिओला बढती मिळाली आणि इयागोच्या वाट्याला 'ऑनेस्ट' हे विशेषण आले. त्यात विश्वास आहे, तसाच कमीपणाही आहे.

टॉमस राय्‌मरने १६९३ मध्ये आक्षेप घेतला होता की सैनिक हा स्वभावतः सरळ व मोकळ्या मनाचा असतो, म्हणून इयागो हे पात्र असंभाव्य आहे. ए. सी. ब्रॅड्‌लीने १९०४ मध्ये याच पात्राचे मनोविश्लेषणात्मक विवेचन केले. एम्पसनने चर्चेची जागाच बदलली. राय्‌मरला जी विसंगती पात्रात दिसली, ती 'मोकळा गडी' या अर्थाच्या रूपाने त्या काळच्या शब्दातच होती. एक शब्द आपल्या दोन अर्थांचे समीकरण मांडतो आणि समाज ते न तपासता स्वीकारतो, हा त्याचा मूळ सिद्धांत होय.

या ठिकाणी भारतीय शब्दविचाराची मदत होते. अनेकार्थी शब्दाचा अर्थ संयोग, साहचर्य, विरोध, प्रकरण इत्यादींनी नियंत्रित होतो, असे भर्तृहरीने 'वाक्यपदीया'त सांगितले. अभिधा अशी नियंत्रित झाल्यावरही जो दुसरा अर्थ उमटतो तो व्यंजनेचा, असे मम्मटाचे प्रतिपादन आहे. तिसऱ्या अंकातील तिसऱ्या प्रवेशात इयागो नेमके हे नियंत्रणच काढून घेतो. कॅसिओ 'ऑनेस्ट' आहे की नाही, असे ऑथेल्लो विचारतो आणि इयागो उत्तराऐवजी तोच शब्द प्रश्नार्थक करून परत करतो. तो नवा आरोप करीत नाही. शब्दाला प्रकरणापासून तोडतो. त्यामुळे कॅसिओच्या सचोटीविषयीचा शब्द त्याच प्रवेशात डेस्डिमोनाच्या शीलाविषयीचा होऊन बसतो.

एम्पसनच्या विवेचनाचे केंद्र इयागो आहे; शोकात्मिकेचा भार मात्र डेस्डिमोनावर पडतो. पुरुषाची सचोटी त्याच्या कृतीतून पडताळता येते. स्त्रीचे शील म्हणजे काहीतरी न घडणे. न घडलेल्या गोष्टीचा पुरावा कोणता द्यावा? ऑथेल्लो डोळ्यांना दिसेल असे प्रमाण मागतो आणि त्याच्या हाती एक रुमाल येतो. एकाच शब्दात दोन असमान कसोट्या नांदत होत्या, त्याची किंमत डेस्डिमोना प्राणांनी देते. अखेरीस ऑथेल्लो विचारतो की 'ऑनेस्टी' संपल्यावर 'ऑनर' तरी कशाला उरावा. एका मुळापासून निघालेले दोन शब्द येथे पुन्हा समोरासमोर येतात.

महादेवशास्त्री कोल्हटकरांचे भाषांतर (१८६७) आणि देवलांचा 'झुंझारराव' (१८९०) यांपासून हे नाटक मराठीत आहे. मराठीत या शब्दाची वाटणी करावीच लागते : प्रामाणिक, इमानी, सरळ, पतिव्रता. वाटणी झाली की प्रत्येक वाक्य स्पष्ट होते, पण ज्या एका शब्दावरून संशय कॅसिओकडून डेस्डिमोनाकडे सरकतो तो पूल तुटतो. त्याच वेळी 'प्रामाणिक' या शब्दात 'प्रमाण' आहे. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी मान आहे, मराठी शब्दाच्या मुळाशी पुरावा. आणि ऑथेल्लोची मागणी पुराव्याचीच आहे. भाषांतर येथे काही गमावते, पण मूळ संहितेत विखुरलेला एक संबंध उघडही करते.

यावरून शब्दाचा इतिहास ही अर्थनिर्णयाची केवळ पूर्वतयारी ठरत नाही. समाजाने एका शब्दात जे अन्याय निमूटपणे एकत्र ठेवलेले असतात, ते संहितेत कृतिरूप घेतात. तो इतिहास बाजूला ठेवला तर इयागो केवळ कपटी उरतो आणि त्याचे कपट ज्या भाषेने शक्य केले ती भाषा निर्दोष सुटते.