पालवणकर, बाळू

(१९ मार्च १८७६–४ जुलै १९५५). विख्यात भारतीय क्रिकेटपटू व विसाव्या शतकाच्या आरंभीचे श्रेष्ठ डावखुरे मंदगती गोलंदाज. जन्म धारवाड येथे एका चर्मकार कुटुंबात. कोकणातील पालवण या मूळ गावावरून कुलनाम आले. वडील लष्करी सेवेत असल्याने बाळूंचे बालपण पुण्याच्या लष्करी वातावरणात गेले. शिवराम, गणपत व विठ्ठल हे त्यांचे धाकटे बंधूही नामांकित क्रिकेटपटू होते.

बाळूंचा क्रिकेटशी पहिला संबंध खेळाडू म्हणून नव्हे, तर सेवक म्हणून आला. प्रथम पारशी मंडळींच्या क्लबात दरमहा ३ रुपयांवर आणि १८९२ पासून यूरोपीयांच्या पूना क्लबात दरमहा ४ रुपयांवर खेळपट्टी झाडणे, रूळ फिरविणे ही कामे त्यांनी केली. तेथे कॅप्टन जे. जी. ग्रेग या नामवंत फलंदाजाला सरावासाठी ते तासन्‌तास गोलंदाजी करीत. त्यातूनच त्यांच्या माऱ्यातील अचूकता आणि चेंडू दोन्ही बाजूंना वळविण्याचे कौशल्य विकसित झाले. फलंदाजीची संधी मात्र त्यांना तेथे मिळाली नाही.

पुण्याच्या हिंदू क्लबाने त्यांना संघात घेतले, ते यूरोपीयांवर विजय मिळविण्याच्या ईर्षेने. मैदानावर त्यांनी फेकलेला चेंडू सवर्ण खेळाडू हाताळीत. परंतु चहाच्या वेळी त्यांना तंबूबाहेर मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. पुढे मुंबईस आल्यावर ते हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले व तेथे सहभोजनाचा निर्बंध बराच सैल झाला. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने यूरोपीय संघाचा १०९ धावांनी पराभव केला. या संघात बाळू व शिवराम हे दोघेही बंधू होते.

१९११ साली पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. संघाची एकंदर कामगिरी सामान्यच ठरली. बाळूंनी मात्र दौऱ्यात एकूण ११४ बळी मिळविले. त्यांपैकी ७५ प्रथम श्रेणीच्या सामन्यांतील होते. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांनी १५·२१ धावांच्या सरासरीने १७९ बळी घेतले. भारताने पहिला कसोटी सामना १९३२ मध्ये खेळला. त्यावेळी बाळूंनी वयाची पन्नाशी ओलांडली होती.

मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंच्या गुणवत्तेने त्यांना मिळावयास हवे होते. पण जातीमुळे ते सतत नाकारले गेले. १९२० च्या स्पर्धेत त्यांना प्रारंभी वगळण्यात आल्याने शिवराम व विठ्ठल यांनी निषेध म्हणून संघातून माघार घेतली. या प्रश्नावर लोकमत प्रक्षुब्ध झाल्यावर अंतिम सामन्यात बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले. कर्णधार म. द. पै मैदानाबाहेर गेल्यामुळे काही काळ त्यांनी संघाचे नेतृत्वही केले. जे पद बाळूंना अधिकृतपणे कधीच मिळाले नाही, ते १९२३ मध्ये विठ्ठल यांच्याकडे आले व त्या वर्षी हिंदू संघाने अजिंक्यपद मिळविले.

बाळूंविषयी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना तरुणपणी मोठा आदर होता. तथापि पुढे उभयतांचे राजकीय मार्ग भिन्न झाले. अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघ मागणाऱ्या आंबेडकरांच्या विरुद्ध बाळूंनी संयुक्त मतदारसंघांचा पुरस्कार केला. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची स्वाक्षरी आहे. १९३७ च्या मुंबई विधानसभा निवडणुकीत काँग्रेसचे उमेदवार म्हणून ते आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले व सु. दोन हजार मतांनी पराभूत झाले.

बाळूंच्या कौशल्याने अस्पृश्यतेचे काही निर्बंध मैदानावर व जिमखान्यात शिथिल झाले. परंतु संघास विजय मिळवून देणाऱ्या गोलंदाजास नेतृत्व देण्याइतके ते शिथिल झाले नाहीत. सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने त्यांच्या कारकीर्दीचे महत्त्व यातच आहे. मुंबई येथे त्यांचे निधन झाले.