ट्रंक वाहिन्या किती पुरेशा? एर्लांग यांचे गणित

सर्व वाहिन्या व्यग्र असल्यामुळे किती कॉल वाया जातील, याचे सूत्र कोपनहेगन टेलिफोन कंपनीतील गणितज्ञ आग्नर क्रारुप एर्लांग यांनी १९१७ साली मांडले.

एक वाहिनी तासभर सतत व्यग्र राहिली, की भार एक एर्लांग. कार्यालयातील १०० जण गर्दीच्या तासात बाहेर प्रत्येकी सहा मिनिटे बोलले, तर १० एर्लांग. शंभरातील एखादाच कॉल वाया जावा, यासाठी १८ वाहिन्या लागतात. कर्मचारी दुप्पट झाले, तरी ३६ नव्हे, ३० पुरतात. सामायिक वाहिन्यांत एकाची उसंत दुसऱ्याच्या कामी येते.

भारतात १९६० साली कानपूर-लखनौ दरम्यान पहिली एसटीडी सेवा सुरू झाली. नोंदवलेला ट्रंककॉल रांगेत थांबे. थेट डायलिंगमध्ये मात्र वाहिनी मोकळी नसली, की कॉल तिथेच संपे. वाहिन्यांचा अंदाज चुकल्याची किंमत आता थेट ग्राहकच मोजणार होता.