मिनिटाला चौऱ्याऐंशी

परवा शेजारच्या सोसायटीतला एक मुलगा आजोबांची जावा ढकलत माझ्या दारात घेऊन आला. 1968 ची, म्हैसूरच्या आयडियल जावाची. खिळ्यासारखी चावी, तांबडा रंग, आणि त्या रंगाला अजिबात न शोभणारे चार नवे, बारीक एलईडी इंडिकेटर.

"काका, लागतात. पण मिचकावत नाहीत."

गाड्यांच्या दिव्यांचं दुकान बंद करून मला सहा वर्षं झाली. पण मिचकावत नाहीत म्हटलं की हात शिवशिवतात. बाजूचं झाकण काढून पाहिलं, तर आत पत्र्याच्या डबीतला जुना फ्लॅशर.

"हा का लावलास?"

"जुन्या बाजारात मिळाला. म्हटलं, गाडी ओरिजिनल राहू दे."

ओरिजिनल! अरे, या गाडीला कंपनीनं इंडिकेटर दिलेच नव्हते. ओरिजिनल हवं असेल तर उजवा हात बाहेर काढ.

मी 1970 साली पुण्यात नाना पेठेत उस्तादांच्या हाताखाली लागलो, तेव्हा मोटरसायकलवाले हातच दाखवायचे. उजवीकडे वळायचं तर हात सरळ लांब, डावीकडे वळायचं तर तोच उजवा हात घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवायचा. नियमात हे आजही आहे. मोटारवाल्याचं ठीक असतं, पण दुचाकीवर उजव्या हातातच रेस आणि उजव्या हातातच पुढचा ब्रेक. म्हणजे ऐन वळणावर, जिथे दोन्ही लागतात, तिथेच दोन्ही सोडायचे. हा नियम लिहिणारा मोटरसायकलवर कधी बसला होता का, असा प्रश्न मला तेव्हाही पडायचा.

उस्तादांनी त्याच्याही आधीचा काळ पाहिला होता. पोरवयात त्यांनी मोटरसायकलचे कार्बाइडचे दिवे साफ केले होते. वरच्या कप्प्यात पाणी, खालच्यात कार्बाइडचे खडे. पाणी थेंब थेंब खड्यांवर पडलं की गॅस तयार होई आणि आरशापुढे पांढरी ज्योत पेटे. लसणासारखा वास यायचा आणि सकाळी डब्यातला चुना खरवडावा लागायचा. थेंब जास्त सुटले तर ज्योत भडकायची, कमी सुटले तर विझायची. "उजेड हवा तर खडा मोजून टाक," असं ते म्हणायचे. वीज आल्यावर खड्यांच्या जागी वॅट आले, मोजणं काही सुटलं नाही.

मी लागल्यावर दुसऱ्याच वर्षी लढाई झाली. डिसेंबर 1971. ब्लॅकआउटमध्ये घरांच्या खिडक्यांना काळे कागद आणि गाड्यांच्या हेडलाइटना काळा रंग. आठवडाभर मी दुसरं काहीच केलं नाही. हातात ब्रश, डबी रंगाची, समोर गाड्यांची रांग. लढाई दोन आठवड्यांत संपली, पण समोरच्याच्या डोळ्यांवर तिरीप येऊ नये म्हणून काचेचा वरचा भाग काळा ठेवण्याची चाल पुढे कित्येक वर्षं राहिली. उजेड वाढवायचा धंदा करणाऱ्यानं उजेड झाकण्यापासून सुरुवात केली, असं उस्ताद मला चिडवत.

आता या जावाचं गणित सांगतो, कारण सगळा इतिहास त्यातच आहे. हिचा डायनॅमो सहा व्होल्टचा, 45 वॅटचा. हेडलाइटचा बल्ब 35 वॅट, टेल लाइट 5 वॅट, झाले 40. उरलेल्या पाचात इग्निशन कॉइल चालवायची, हॉर्न वाजवायचा, ब्रेक लाइट लावायचा. म्हणजे खरं तर रात्री गाडी बॅटरीकडून उसनं घेऊनच चालायची. अशा गाडीला हौसेनं इंडिकेटर लावले की एका बाजूचे दोन बल्ब, 18 वॅटचे धरले तरी 36 वॅट. सिग्नलला उभं राहून इंडिकेटर दिला की हेडलाइट समईसारखा व्हायचा. वर सहा व्होल्टची मोठी खोड अशी, की तेवढ्याच वॅटला बारा व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो. वायरचा सांधा जरा गंजला की उजेड वाटेतच खलास.

तरी लोक लावायचे. सत्तरच्या दशकाच्या शेवटी आमच्या दुकानाचं निम्मं पोट त्यावर भरत होतं. क्रोमचे गोल दिवे, लांब देठ, नारिंगी काच. देठ मडगार्डला कसला की अर्थिंग तिथूनच व्हायचं. पुढच्या पावसाळ्यात तिथे गंज धरला की दिवा मंद. त्यावर गिऱ्हाईक म्हणायचं, बल्ब बदला. मी प्रत्येक दिव्याला वेगळी अर्थ वायर टाकून चेसिसपर्यंत न्यायचो आणि थिंबलला डाग द्यायचो. डागाची इस्त्री तापवून नवसागरावर घासली की जो पांढरा धूर निघतो, त्यानं माझी सगळी तरणी वर्षं भरलेली आहेत.

स्कूटरचं दुखणं वेगळंच. पुणं म्हणजे आकुर्डीच्या बजाजचं माहेर, त्यामुळे चेतक दारोदार. जुन्या चेतकला बॅटरीच नाही. दिवा थेट मॅग्नेटवर. रेस दिली की लख्ख, सोडली की काजवा. कात्रजचा घाट उतरताना खड्डा दिसला म्हणून रेस सोडावी, तर तोच खड्डा अंधारात जायचा. आणि मागचा बल्ब उडाला की त्याच्या वाट्याची वीज पुढच्याच्या अंगावर येऊन तोही उडायचा. एकाच संध्याकाळी दोन बल्ब घ्यायला आलेल्या माणसाला मी विचारायचोच, "आधी मागचा गेला ना?" लोकांना वाटायचं, याला ज्योतिष येतं.

मग 1984-85 मध्ये जपानी पद्धतीच्या शंभर सीसीच्या गाड्या आल्या. इंड-सुझुकी, हीरो होंडा, यामाहा आरएक्स 100. चारी इंडिकेटर कंपनीतूनच बसवून. आमचं इंडिकेटर जोडायचं काम गेलं आणि दुरुस्तीचं आलं. नव्वदीत बझर आले. गाडी वळायला लागली की चिमण्या ओरडायच्या, बाळ रडायचं. तेही मी विकले, नाकारत नाही. हॅलोजनचं वेड त्याच सुमाराचं. 35 वॅटच्या जागी 60/55 चा बल्ब ठोकायचा. करंट सगळा बटणातून जाणार, मग होल्डर वितळणार, बटण चिकटणार. रिले टाका म्हणून सांगितलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात. तिथे पंधरा रुपये कमी लागायचे. महिन्याभरानं जळकं बटण घेऊन परत माझ्याकडे.

तर, जावातली ती फ्लॅशरची पत्र्याची डबी. आत दोन वेगवेगळ्या धातूंची एकमेकींना चिकटवलेली पट्टी असते. बल्बचा करंट तिला तापवतो, ती वाकते, संपर्क सुटतो, दिवा जातो. थंड झाली की सरळ होते, संपर्क जुळतो, दिवा येतो. टिक, टिक. ती टिकटिक म्हणजे पट्टीचं श्वास घेणं. एक बल्ब उडाला की करंट निम्मा, पट्टी पुरती तापत नाही, टिकटिक रेंगाळते किंवा थांबते. स्वार न उतरता कानानं ओळखायचा. मी तर रस्त्यानं जाणाऱ्या गाडीची टिकटिक ऐकून मागचा बल्ब गेलाय हे सांगत असे. एलईडी खातो एक-दोन वॅट. एवढ्याशा करंटनं पट्टीला ऊबसुद्धा येत नाही. म्हणून लागतात, पण मिचकावत नाहीत.

पोराला पाठवलं बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर आण, पण सहा व्होल्टवर चालणारा. बाराचा आणलास तर पुन्हा हेच. आणला. बसवला. डावं बटण दाबलं, तर चारही दिवे एकदम लुकलुकले. पोराचा चेहरा पडला. मला हसू आलं, कारण याची वाटच पाहत होतो. यानं हँडलवर खुणेचा एकच छोटा दिवा लावला होता, डाव्या-उजव्या वायरींच्या मधोमध. साध्या बल्बच्या काळात त्यातून पलीकडे जाणारा करंट इतका थोडा, की मोठे बल्ब त्याला दाद देत नसत. एलईडी मात्र तेवढ्यावरही पेटतो. दोन डायोड, 4007 नंबरचे. दोन्ही बाजूंकडून एकेक आणून खुणेच्या दिव्याचं एक टोक त्यांना जोडलं, दुसरं अर्थला. डाग मीच दिला. हात थोडा थरथरला, पण डाग बसला.

एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचे हेडलाइट इंजिनाबरोबरच लागतात. सुरुवातीला भर दुपारी समोरून येणारा प्रत्येक जण मूठ उघडझाप करून सांगायचा, अहो, दिवा चालू राहिलाय. आता ते थांबलं. वळण झालं तरी इंडिकेटर चालू ठेवून दोन किलोमीटर जाणाऱ्याला मात्र अजून कुणीतरी ओरडून सांगतंच. जावाचा हा इंडिकेटर आपोआप बंद होणारा नाही, तेव्हा त्या पोराला तुम्हीही सांगा. तांबडी गाडी लगेच ओळखू येईल.

नियम मिनिटाला 60 ते 120 उघडझापींचा आहे. मी घड्याळ लावून मोजल्या. 84 भरल्या.