मायकेलँजेलोचा वाढदिवस आणि ५० लाख कॉम्प्युटर

६ मार्च १९९२, शुक्रवार. त्या दिवशी जगभरातल्या अनेक ऑफिसांमध्ये लोकांनी कॉम्प्युटर सुरूच केले नाहीत. काहींनी आदल्या दिवशी मशीनमधलं घड्याळ पुढे करून ठेवलं, म्हणजे मशीनच्या दृष्टीने ६ तारीख उजाडणारच नव्हती. त्याआधीचे काही आठवडे अमेरिकेतल्या टीव्हीवर आणि वर्तमानपत्रांत एकच गोष्ट चालू होती: एक व्हायरस लाखो कॉम्प्युटरांमध्ये दबा धरून बसलाय आणि या तारखेला तो सगळं पुसून टाकणार आहे. सगळ्यात मोठा आकडा सांगितला जात होता तो ५० लाख कॉम्प्युटरांचा.

त्या व्हायरसचं नाव मायकेलँजेलो. आजच्या फोनवाल्या पिढीला हे प्रकरण फारसं माहीत नसतं. मलाही ते जुन्या बातम्या आणि व्हायरस-तज्ज्ञांचे लेख वाचताना सापडलं. वाचत गेले तसं लक्षात आलं, की आपल्या व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या अर्ध्याअधिक 'सावधान!' मेसेजांची कुंडली तिथे सापडते.

आधी व्हायरस नेमका काय होता ते बघू. १९९१च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात तो पहिल्यांदा नोंदवला गेला. मेलबर्नच्या रॉजर रिऑर्डन यांनी त्याची उकल केली. हा व्हायरस ६ मार्चला जागा होतो हे दिसलं, आणि ती मायकेलँजेलोची जन्मतारीख (१४७५) आहे हेही कुणाच्या तरी लक्षात आलं. बस, नाव पडलं. व्हायरसच्या कोडमध्ये त्या चित्रकाराचा कुठेही उल्लेख नव्हता. लिहिणाऱ्याने त्याचं नाव ऐकलं होतं की नाही, कुणास ठाऊक. तो लिहिणारा कधी सापडलाच नाही. त्या दिवशी कदाचित त्याचा स्वतःचाच वाढदिवस असेल.

हा व्हायरस 'स्टोन्ड' नावाच्या न्यूझीलंडमधल्या जुन्या व्हायरसचा नातेवाईक. दोघेही फ्लॉपीवरून पसरत. फ्लॉपी म्हणजे तळहाताएवढी चकती; तिच्यात जास्तीत जास्त दीडेक एमबी मावायचं. तुमच्या फोनमधला एक बरा फोटोसुद्धा तिच्यात बसणार नाही. फ्लॉपीच्या अगदी पहिल्या भागाला बूट सेक्टर म्हणतात. मशीन सुरू करताना ड्राइव्हमध्ये चुकून फ्लॉपी राहिली असेल, तर मशीन आधी तो भाग वाचायचं. व्हायरस तिथेच बसलेला असे. तिथून तो हार्ड डिस्कवर जाई आणि मग त्या मशीनमध्ये जी फ्लॉपी घालाल तिला लागे. इंटरनेटचा यात काही संबंध नव्हता. फ्लॉपी हातोहात जाईल तेवढाच त्याचा प्रवास.

आणि ६ मार्चला मशीन सुरू केलं, की तो हार्ड डिस्कच्या सुरुवातीच्या भागावर कचरा लिहून टाकी. बॅकअप नसेल तर माहिती गेली. म्हणजे धोका खरा होता, हे आधी मान्य करायला हवं. पण त्या दिवशी मशीन बंद ठेवलं तर काहीच होत नव्हतं. आत तारखेचं घड्याळच नसलेल्या जुन्या मशीनवर तो जागाही होत नव्हता.

मग हा एवढा गाजला कसा?

जानेवारी १९९२ मध्ये लीडिंग एज या अमेरिकन कंपनीने कबूल केलं, की तिने विकलेल्या सुमारे ५०० नव्या कोऱ्या कॉम्प्युटरांसोबत हा व्हायरस गेलाय. पाठोपाठ इंटेलच्या एका प्रिंट-सर्व्हर सॉफ्टवेअरच्या ८३९ प्रतींमध्येही तो निघाला. तोवर लोकांची समजूत अशी, की व्हायरस लागतो तो चोरीच्या गेममधून, कुणाच्या तरी मळक्या फ्लॉपीवरून. आता तो सीलबंद खोक्यातून येत होता. पत्रकारांना यात बातमी दिसली, आणि दिसायलाच हवी होती.

पण ५०० आणि ८३९ या आकड्यांनी मथळा होत नाही. पत्रकार एकच प्रश्न विचारत राहिले: एकूण किती मशीनना लागण झाली असेल? याचं प्रामाणिक उत्तर 'कुणालाच माहीत नाही' हे होतं. फ्लॉपीवरून पसरणाऱ्या गोष्टीची गणती करायला कुठलीही यंत्रणा नव्हती. तरी एका माणसाकडे उत्तर होतं. जॉन मॅकॅफी, अँटीव्हायरस बनवणाऱ्या कंपनीचे मालक. त्यांच्या तोंडचा ५० लाखांचा आकडा बातम्यांतून जगभर फिरला. पुढे त्यांचं म्हणणं असं, की आपण बराच मोठा पल्ला सांगितला होता, खालचं टोकही सांगितलं होतं. पत्रकारांनी वरचा आकडा उचलला. असेलही. पण खालचा आकडा छापा असा आग्रह धरण्यात त्यांचा काही फायदा नव्हता, आणि वरचा छापण्यात दोघांचाही होता.

मला वाटतं, या बातमीला तीन गोष्टींनी पाय फुटले. नाव, तारीख आणि आकडा. नाव असं, की ऐकताच लक्षात राहावं. तारीख अशी, की कॅलेंडरवर लाल गोल काढता यावा. रोज 'आता इतके दिवस उरले' म्हणून नवी बातमी देता यावी. आणि आकडा असा, की तो कुणाला खोटा पाडता येऊ नये. 'स्टोन्ड' कितीतरी जास्त मशीनमध्ये होता, पण त्याला तारीख नव्हती. त्याच्यावर कुणी टीव्ही कार्यक्रम केले नाहीत.

यात शब्दांचाही वाटा होता. 'व्हायरस' हा शब्द कॉम्प्युटरसाठी रुळवला तो फ्रेड कोहेन या अमेरिकन संशोधकाने, १९८४च्या सुमारास. ती एड्सच्या भीतीची वर्षं होती. त्या एका शब्दामागून आजाराचा सगळा शब्दसंग्रह आत आला: लागण, साथ, लस. मराठीतही आपण 'मशीनला व्हायरस लागला' असंच म्हणतो, जसा ताप किंवा नजर लागते. त्या काळी आपल्याकडे कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जायची पद्धत होती. तिथे कुणाला हा व्हायरस हवेतून येतो असं वाटलं असेल, तर त्याला हसायचं कारण नाही. शब्दच तसा होता. प्रोग्राम माणूस लिहितो, कशावरून तरी तो येतो, आणि अमुक केलं तर तो थांबतो, हे त्या शब्दाने झाकलं जातं. साथीपुढे माणूस हतबल असतो. प्रोग्रामपुढे असायचं कारण नाही.

६ मार्च उजाडला आणि मावळला. जगभरातून नुकसानीच्या ज्या बातम्या आल्या, त्यांची बेरीज १० ते २० हजार मशीनच्या आसपास जाते. दक्षिण आफ्रिकेत औषध दुकानदारांच्या शेकडो मशीनना फटका बसला. ज्यांची माहिती गेली त्यांच्यासाठी तो दिवस वाईटच होता. पण ५० लाख कुठे आणि हे कुठे. दुसऱ्या दिवशी बऱ्याच वर्तमानपत्रांचा सूर 'फुसका बार' असा होता. तो बार भरला कुणी, याची चर्चा मात्र कमी झाली.

इथे एक खरा वाद आहे. अँटीव्हायरसवाले म्हणाले: आम्ही ओरडलो, लोकांनी मशीन तपासली, व्हायरस काढले, म्हणूनच नुकसान टळलं. हे सहज उडवून लावण्यासारखं नाही. आयबीएमच्या संशोधकांनी त्या काळातल्या नोंदी तपासल्या आहेत. ६ मार्चच्या आधीच्या दिवसांत लोकांनी धडाधड मशीन तपासली आणि त्यात खूप व्हायरस सापडले, हे खरं. पण सापडले ते जास्त करून दुसरेच, मुख्यतः स्टोन्ड. मायकेलँजेलो त्या मानाने कमीच मशीनमध्ये होता. म्हणजे घबराटीमुळे साफसफाई झाली, पण ज्याच्या नावाने झाली तो घरात फारसा नव्हताच. ५० लाखांचा आकडा यातून खरा ठरत नाही.

आणि साफसफाई फार टिकली नाही. टिकला तो धंदा. अँटीव्हायरसची पाकिटं धडाधड खपली. त्याच वर्षी मॅकॅफी यांची कंपनी शेअर बाजारात आली.

पुढची गंमत अशी, की घाबरवायला व्हायरसचीही गरज उरली नाही. १९९४च्या अखेरीस 'गुड टाइम्स' नावाचा इशारा ईमेलवरून फिरू लागला. या नावाचा मेल उघडलात तर हार्ड डिस्क पुसली जाईल, सगळ्यांना कळवा! असा कुठलाही व्हायरस नव्हता. त्या काळातला साधा मजकुराचा मेल वाचून मशीनला काही होणंही शक्य नव्हतं. पण लोकांनी काळजीपोटी तो इशारा ओळखीच्या सगळ्यांना पाठवला. मग कुणीतरी म्हटलंच, की स्वतःच्या प्रती काढत पसरणारा हा इशारा हाच खरा व्हायरस. फक्त तो मशीनऐवजी माणसांवर चालतो. आमच्या घरच्या ग्रुपवर मोठ्या काकूने पाठवलेला 'मार्टिनेली' नावाच्या व्हिडिओचा इशारा आला, तेव्हा मला त्यात गुड टाइम्सचा नातू दिसला. 'उद्या एक व्हिडिओ येईल, उघडू नका, फोन हॅक होईल.' २०१७पासून तो 'उद्या' चालूच आहे.

यावरून सगळे इशारे थोतांड असतात असं मात्र कुणी समजू नये. २६ मार्च १९९९ला 'मेलिसा' पसरला. मेलबॉक्स तुंबले आणि माध्यमांना विषय मिळाला. बरोबर एक महिन्याने, २६ एप्रिलला, सीआयएच हा व्हायरस जागा झाला. चेन इंग-हाऊ या तैवानी विद्यार्थ्याने लिहिलेला. तो हार्ड डिस्कच्या सुरुवातीवर लिहायचा, आणि काही मशीनमधल्या बायॉसच्या चिपवरही. मग मशीन सुरूच होत नसे. चिप बदलावी लागे. दक्षिण कोरिया आणि तुर्कस्तानात लाखो मशीनना फटका बसल्याच्या बातम्या आल्या. या व्हायरसची तारीखही आधीपासून माहीत होती. पण ६ मार्चसारखी उलटी मोजणी कुणी लावली नाही. पुढच्याच वर्षी, ४ मे २००० रोजी, फिलिपाइन्समधून 'आय लव्ह यू' निघाला. कुणी इशारा द्यायच्या आतच तो अर्ध्या जगात पोचला होता आणि ब्रिटनच्या संसदेला आपली ईमेल यंत्रणा बंद करावी लागली होती.

'लांडगा आला रे आला' या गोष्टीत आपण नेहमी पोराला दोष देतो. पण त्या गोष्टीत शेवटी लांडगा खरंच येतो, आणि नुकसान मेंढ्यांचं होतं. खोट्या भीतीची किंमत ती असते. एकदा घाबरून फसलेला माणूस पुढच्या वेळी खऱ्या इशाऱ्यालाही हसतो, किंवा पुन्हा तसाच घाबरतो. दोन्हीकडे त्याची विचार करायची सवय सुटते.

आज तुम्ही एखादी क्रिकेट स्कोअरची साइट उघडता आणि स्क्रीन लाल होते: 'तुमच्या फोनमध्ये ४ व्हायरस सापडले आहेत!' फोन थरथरतो, सेकंद उलटे मोजले जातात, खाली बटण असतं: 'आत्ता साफ करा.' वेबपेजला तुमचा फोन असा तपासता येतच नाही. पण नाव, तारीख, आकडा आहेतच. तारखेच्या जागी आता सेकंद आलेत, एवढंच. आणि ते बटण बहुतेक वेळा दाबतात ते आपल्या घरातले मोठे लोक, कारण त्यांना कॉम्प्युटरची ओळखच भीतीपासून झाली.

म्हणून पुढच्या वेळी आईचा फोन असा थरथरला, तर 'काही नसतं गं' म्हणून हातातून काढून घेऊ नका. शेजारी बसा आणि तिला तीन गोष्टी विचारायला शिकवा: हा आकडा कुणी मोजला? नेमकं काय केल्यावर काय होणार आहे? आणि मी घाबरले, तर पैसे कुणाला मिळतात? १९९२ मध्ये हे प्रश्न मथळा लिहिणाऱ्यांनी विचारायला हवे होते.