उटण्याची गोष्ट, कोर्टासह



'घरच्या घरी फेशियल कसं करायचं' याची उत्तरं वाचली की गंमत वाटते. त्यातलं निम्मं आपल्या आज्या कुणाला न विचारता करत होत्या. फरक इतकाच, की त्या त्याला फेशियल म्हणत नसत, उटणं म्हणत. आज या उटण्याचा थोडा इतिहास सांगते. त्यात दोन मोठी भांडणं आहेत, आणि त्यांतून आपल्या घराघरासाठी एक धडा निघतो.

'उटणं' हा शब्द संस्कृत 'उद्वर्तन'वरून आला. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त दिनचर्येच्या अध्यायात अभ्यंग, व्यायाम, मग उद्वर्तन आणि शेवटी स्नान असा क्रम येतो. आधी अंगाला तेल जिरवायचं आणि मग चूर्ण चोळून जादा तेल व मळ काढायचा. नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण तेच करतो (व्यायाम तेवढा गाळून!). त्या दिवशीच्या उटण्यात नागरमोथा, वाळा, गव्हला कचोरा, आंबेहळद, चंदन, वाळवलेली संत्र्याची साल असा थाट असे. रोजच्याला एवढं कुठलं परवडायला? मसुराचं नाहीतर हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, चमचाभर साय आणि चिमूटभर हळद. पीठ तेलकटपणा शोषून घेतं, साय त्वचा कोरडी पडू देत नाही. आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते आणि साधा साबण अल्कधर्मी, म्हणून साबणाने तोंड ओढल्यासारखं होतं. पिठाने तसं होत नाही. आज्यांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं, पण परिणाम ठाऊक होता.

साबण आपल्या घरात उशिरा आला. त्यात प्राण्यांची चरबी असते म्हणून सोवळ्याओवळ्याच्या घरांत त्याला मज्जाव होता. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात अर्देशीर गोदरेज यांनी वनस्पती तेलाचा साबण काढला आणि ती अडचण दूर झाली. १९४१ साली लक्सच्या जाहिरातीत लीला चिटणीस झळकल्या. पदवीधर, मराठी घरातली नटी साबणाची शिफारस करते म्हटल्यावर न्हाणीघराचं दार उघडलंच!

आमच्या पिंपरी-चिंचवडकडे तर साबणाला आणखी एक वाट मिळाली, ती कारखान्यांची. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, साठच्या दशकात बजाज, टेल्को आणि एमआयडीसी आली. ग्रीसने माखलेले हात डाळीच्या पिठाने थोडेच निघणार? कंपनीतून मिळालेला साबण घरी येई आणि सगळं घर तो वापरी. हळूहळू उटणं वर्षातून एकदा, दिवाळीपुरतं उरलं. त्या दिवशीसुद्धा शेजारी मोती साबणाची वडी असेच.

आता पहिलं भांडण. केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ साली मुंबईत परळला विको कंपनी सुरू केली. पुढे तिने हळदीची क्रीम बाजारात आणली. अबकारी खात्याचं म्हणणं, हे सौंदर्यप्रसाधन आहे, जास्त कर भरा. कंपनीचं म्हणणं, हे आयुर्वेदिक औषध आहे. हा वाद सत्तरच्या दशकात सुरू झाला आणि डिसेंबर २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा कुठे मिटला. असल्या खटल्यांत मुख्यतः दोन गोष्टी बघतात. घटक आयुर्वेदाच्या ग्रंथांत आहेत का, आणि सामान्य माणूस त्या वस्तूला काय समजतो. माझ्या आजीला हा प्रश्नच कळला नसता. खरचटलं तरी हळद आणि लग्नातही हळद. औषध कुठे संपतं आणि शृंगार कुठे सुरू होतो, ही रेघ तिच्या फडताळात नव्हती.

दुसरं भांडण त्याहून मोठं. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोन संशोधकांना जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. दोघंही मूळचे भारतीयच! सीएसआयआरने १९९६ साली त्याला आव्हान दिलं. त्या वेळी तिचे महासंचालक होते आपले डॉ. रघुनाथ माशेलकर, त्याआधी पुण्यात पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक. १९९७ साली ते पेटंट रद्द झालं.

पण कशाच्या बळावर? 'आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हळद लावतात' एवढ्याने भागलं नाही. बत्तीस लिखित पुरावे सादर करावे लागले. त्यात जुने ग्रंथ होते आणि १९५३ सालचा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला लेखही होता. आजीचा शब्द पुरावा ठरत नाही, कागद ठरतो. म्हणून तर २००१ साली सरकारने पारंपरिक ज्ञानाची डिजिटल नोंद करायला घेतली.

आता थोडं कडू. 'उटण्याने पोर उजळते' हेही आज्याच म्हणायच्या, आणि सावळ्या मुलींना ते फार लागायचं. उटण्याने मळ निघतो, रंग जात नाही. जायचं कारणही नाही. पण ही आशा बाजाराने बरोबर हेरली. १९७५ साली 'फेअर अँड लव्हली' आली, आणि नावातला 'फेअर' जायला २०२० साल उजाडलं. मधल्या काळात किती मुलींनी दुकानदाराच्या सल्ल्याने स्टेरॉइडची मलमं चेहऱ्याला फासली! त्वचा पातळ होते, पुरळ येतं, मलम सोडलं की चेहरा पेटतो. शेवटी २०१८ साली सरकारने अशी चौदा मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. घरच्या ज्ञानातली चूकसुद्धा लिहून ठेवायला हवी, ती यासाठी.

चाकणला पहिल्या पाळीला निघालेल्या मुली डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फने गुंडाळतात. धूळ, धूर, ऊन, तिन्हींवर तो स्वस्त इलाज आहे. त्यांनी रविवारी एवढंच करावं. कोमट पाण्याने तोंड धुवावं, दोन-तीन मिनिटं लांबून वाफ घ्यावी, मसुराचं पीठ दुधात कालवून हलक्या हाताने लावावं, आणि वाळून तडकायच्या आत धुवावं. मग ओलसर त्वचेवर दोन थेंब खोबरेल. ज्यांना मुरुमं येतात त्यांनी खोबरेल टाळावं. नुसतं लिंबू चोळून उन्हात जाऊ नये, त्वचा भाजते. नवीन काहीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर वाट पाहावी. डाग, खाज असेल तर सरळ त्वचेच्या डॉक्टरांकडे जावं.

आणि वाचणाऱ्या भाच्या-पुतण्यांनो, तुमच्या घरी उटणं कसं करायचे, कशाचं किती माप, ते आजी-आत्यांना आजच विचारा. तारीख घालून वहीत उतरवा. 'अंदाजाने घालायचं' असं त्या म्हणतील. चमचा पुढे करा आणि मोजायला लावा.