दुहेरी बॅटरी प्रणाली : स्टार्ट-स्टॉप इंजिनाच्या ऑफ-रोड गाड्यांतील

एकाच गाडीत दोन बॅटऱ्या बसवून, इंजिन सुरू करण्याचे काम एकीकडे आणि इतर विद्युत उपकरणे चालवण्याचे काम दुसरीकडे सोपवणारी रचना. गरजेनुसार या दोन बॅटऱ्या एकमेकींना जोडल्या जातात किंवा तोडल्या जातात. ऑफ-रोड गाड्यांत ही रचना दोन निरनिराळ्या कारणांनी आली. पहिले कारण मुक्कामाचे : रानात किंवा वाळवंटात इंजिन बंद असताना फ्रिज, दिवे आणि वायरलेस रात्रभर चालावेत, तरी सकाळी सेल्फ मारताच गाडी सुरू व्हावी. दुसरे कारण शहरातले : सिग्नलला आपोआप बंद होणारे इंजिन पुन्हा सुरू होत असताना गाडीतील संगणक, दिवे आणि पंखा यांचा पुरवठा ढळू नये. दोन्ही रचनांना एकच नाव आहे, पण त्यांतील दुसऱ्या बॅटरीचे काम, आकार आणि ताकद यांत मोठे अंतर आहे. ते ठाऊक नसल्यामुळे अनेक गाड्या वस्तीपासून दूर बंद पडतात.

पार्श्वभूमी. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपमध्ये ६ व्होल्टची एकच बॅटरी होती. १९५० च्या सुमारास अमेरिकी सैन्यासाठी आलेल्या एम-३८ जीपमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसर जोडून २४ व्होल्ट दाब मिळवला जाई. तेथे दोन बॅटऱ्या असल्या तरी कामाची वाटणी नव्हती. दोघी मिळून एकच काम करत. वाटणीची कल्पना पुढे लांब पल्ल्याच्या प्रवासातून रुजली. ऑस्ट्रेलियात दोन वस्त्यांमध्ये शेकडो किलोमीटर अंतर असते. तेथे गाडीतील फ्रिज ही सोय राहत नाही, अन्न टिकवण्याचे साधन होते. त्यामुळे बॉनेटखाली किंवा मागच्या सामानाच्या जागेत दुसरी बॅटरी बसवण्याची पद्धत तेथे सर्रास झाली.

इंजिन आपोआप बंद-सुरू करण्याचे, म्हणजे स्टार्ट-स्टॉपचे, प्रयोग टोयोटाने १९७० च्या दशकात केले होते. युरोपात सित्रोएन सी-३ मध्ये २००४ साली ही सोय मिळू लागली. पुढे इंधनबचतीचे आणि उत्सर्जनाचे नियम कडक होत गेले, तशी ती जड ऑफ-रोड गाड्यांपर्यंत पोहोचली.

मूळ अडचण. १२ व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीत सहा कोष असतात आणि प्रत्येक कोष सुमारे २.१ व्होल्ट दाब देतो. पूर्ण भारित बॅटरी विश्रांतीत १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताच स्टार्टर मोटर शेकडो अँपिअर ओढते आणि क्षणभर दाब १० व्होल्टच्या आसपास किंवा त्याखालीही घसरतो. सकाळी गाडी सुरू करताना दिवे मंदावले तर कोणाचे काही बिघडत नाही. पण शहरातल्या एका फेरीत तेच वीस-तीस वेळा घडले तर पडदा विझेल, रेडिओ पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल आणि स्टिअरिंग व ब्रेक यांना मदत करणारे संगणक गोंधळतील. म्हणून इंजिन पुन्हा सुरू होत असताना या नाजूक उपकरणांना स्टार्टरपासून वेगळा, स्थिर पुरवठा द्यावा लागतो. स्टार्ट-स्टॉपच्या गाडीतील छोटी बॅटरी याच कामासाठी असते.

प्रातिनिधिक रचना : जीप रँग्लर जेएल. २०१७ च्या अखेरीस लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात सादर झालेली रँग्लरची ही पिढी या रचनेचे ठळक उदाहरण आहे. पुण्याजवळच्या रांजणगाव येथील कारखान्यात २०२१ पासून या गाडीची जुळणी होत आली आहे. स्टार्ट-स्टॉप असलेल्या आणि ४८ व्होल्टची संकरित यंत्रणा नसलेल्या रूपात बॉनेटखाली एक मोठी एजीएम बॅटरी असते. एजीएम म्हणजे शिशाच्या पट्ट्यांमध्ये काचतंतूंची गादी घालून तिच्यात आम्ल शोषून ठेवलेली बॅटरी. हादरे आणि वारंवारचे भारण-विसर्जन तिला साध्या बॅटरीपेक्षा चांगले सोसते. दुसरी बॅटरी मोटारसायकलच्या बॅटरीएवढी, सुमारे १२ अँपिअर-तास क्षमतेची असून ती फ्यूजपेटीच्या खाली दडलेली असते. ती काढायला वरचा पसारा किंवा चाकाच्या कमानीचे आतले अस्तर सोडवावे लागते. त्यामुळे आपल्या गाडीत दोन बॅटऱ्या आहेत हेच पुष्कळ मालकांना पहिल्या बिघाडापर्यंत कळत नाही.

गाडी उभी असताना दोन्ही बॅटऱ्या समांतर जोडलेल्या असतात, आणि धावत असताना अल्टरनेटर दोघींना भारित करतो. सिग्नलला ब्रेक दाबून गाडी थांबली आणि इंजिन बंद झाले की एक रिले त्यांना वेगळे करतो. दिवे, पंखा, पडदा आणि संगणक यांचा भार छोटी बॅटरी उचलते. मोठी स्टार्टरसाठी राखून ठेवली जाते. ब्रेकवरचा पाय निघताच मोठी बॅटरी इंजिन सुरू करते आणि त्यानंतर दोघी पुन्हा एकत्र येतात. एवढी लहान बॅटरी पुरते कशी, हे साध्या हिशेबाने कळते. भार ४० अँपिअर धरला तरी एका मिनिटाच्या थांब्यात जेमतेम ०.७ अँपिअर-तास खर्च होतो, आणि पुढच्या काही मिनिटांच्या धावेत तो भरून निघतो.

मोठ्या बॅटरीच्या ऋण टोकावरील संवेदक प्रवाह, दाब आणि तापमान सतत मोजतो व बॅटरीत किती भार शिल्लक आहे याचा अंदाज बांधतो. भार कमी असला, बॅटरी फार गरम किंवा फार थंड असली, गाडी तीव्र चढावर असली, स्टिअरिंग बरेच वळवलेले असले, केबिन अजून हवे तितके गार झालेले नसले किंवा चालकाने पट्टा लावलेला नसला, तर इंजिन बंद होत नाही. फोर-लो, म्हणजे चारही चाकांच्या कमी वेगाच्या गिअरमध्ये स्टार्ट-स्टॉप निष्क्रिय राहते. हे योग्यच आहे. ओढ्यात किंवा खडकांवर चाक अडकले असताना इंजिन आपोआप बंद होणे कोणालाच परवडणारे नाही. चालक बटण दाबूनही ही सोय बंद करू शकतो, मात्र पुढच्या वेळी गाडी सुरू केल्यावर ती पुन्हा चालू झालेली असते.

मुक्कामाची बॅटरी. प्रवासासाठी बसवली जाणारी दुसरी बॅटरी सहसा १०० अँपिअर-तासांच्या आसपास असते आणि ती सावकाश, खोलवर रिकामी होण्यासाठी बनवलेली असते. गाडीतला मध्यम फ्रिज सरासरी २ अँपिअर घेतो असे धरू. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी करू नये हा नियम पाळला तर १०० अँपिअर-तासांची बॅटरी त्याला सुमारे २५ तास चालवेल. स्टार्ट-स्टॉपची १२ अँपिअर-तासांची बॅटरी त्याच हिशेबाने तीन तासांत हात टेकेल. त्यातही बंद उभ्या गाडीत ती मोठीला समांतर जोडलेली असल्याने फ्रिज दोघींनाही खाली खेचतो आणि सकाळी सेल्फ लागत नाही. म्हणून हे निक्षून सांगायला हवे : कारखान्यातून आलेली छोटी बॅटरी मुक्कामाचा राखीव साठा नाही. तिच्या भरवशावर रानात रात्र काढू नये.

विंचचा, म्हणजे अडकलेली गाडी दोराने ओढून काढणाऱ्या यंत्राचा, हिशेब आणखी वेगळा आहे. पूर्ण ओढीखाली विंच ४०० अँपिअरपर्यंत प्रवाह मागते. तो देण्याची ताकद फक्त मोठ्या सुरू-बॅटरीत असते, म्हणून विंच तिलाच जोडतात आणि इंजिन चालू ठेवूनच वापरतात.

दोन्ही रचना एकत्र आणताना. जुन्या गाड्यांत मुक्कामाची बॅटरी जोडायला दाब पाहून चालणारा रिले पुरे होई. इंजिन सुरू होऊन दाब १३ व्होल्टच्या वर गेला की तो दोन्ही बॅटऱ्या जोडी, आणि १२.७ च्या आसपास उतरला की तोडी. आधुनिक गाडीत मात्र संगणक अल्टरनेटरचा दाब गरजेप्रमाणे बदलतो. एकसारख्या वेगात तो इंधन वाचवण्यासाठी दाब उतरवतो, तर वेग कमी होताना फुकट मिळणारी शक्ती साठवण्यासाठी चढवतो. अशा दाबावर जुना रिले सारखा जोड-तोड करत राहतो आणि मुक्कामाची बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. म्हणून डीसी-डीसी चार्जर वापरतात. येणारा दाब कमी असो वा जास्त, तो बॅटरीला तिच्या जातीनुसार योग्य दाबच देतो.

येथे दोन चुका वारंवार होतात. पहिली चूक चार्जरला इशारा देणाऱ्या वायरची. ती नुसती इग्निशनला जोडली तर सिग्नलला इंजिन बंद असतानाही चार्जर चालूच राहतो आणि गाडीच्याच बॅटरीतून वीज ओढून मुक्कामाच्या बॅटरीत भरतो. त्यामुळे स्टार्ट-स्टॉपच्या गाडीत इंजिन खरोखर फिरत असल्याचा इशारा घ्यावा किंवा चार्जरची दाबमर्यादा नीट ठरवावी. दुसरी चूक अर्थिंगची. नव्या उपकरणांची ऋण वायर थेट मोठ्या बॅटरीच्या टोकाला बांधली तर तो प्रवाह संवेदकाला टाळून जातो आणि गाडीच्या संगणकाचा सगळा हिशेब चुकतो. ही वायर चेसिसवर अर्थ करावी.

बिघाड आणि देखभाल. छोटी बॅटरी बहुधा आधी थकते. पहिली खूण म्हणजे स्टार्ट-स्टॉप काम करेनासे होणे आणि चालकासमोरच्या पडद्यावर तसा संदेश येणे. रहदारीत इंजिन बंद पडत नाही याचे अनेकांना बरेच वाटते, म्हणून या संदेशाकडे दुर्लक्ष होते. पण समांतर जोडणीत थकलेली छोटी बॅटरी रात्रभर मोठीचा भार शोषत राहते. तिच्यातला एखादा कोष आतून जोडला गेला तर चांगली मोठी बॅटरीही उतरते, आणि नवी मोठी बॅटरी घालूनही तोच त्रास परत येतो. म्हणून तपासणी दोघींची, वेगवेगळी सोडवून करावी. जोडलेल्या अवस्थेत मापक दोघींची सरमिसळ दाखवतो आणि दोषी बॅटरी निर्दोषाच्या आड लपते. शक्यतो दोन्ही एकाच वेळी बदलाव्यात. एजीएमच्या जागी साधी बॅटरी घालून पैसे वाचवू नयेत.

उष्णता हा बॅटरीचा मोठा शत्रू आहे. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते असा ठोकताळा आहे. बॉनेटखालच्या गरमीत कोंबलेल्या छोट्या बॅटरीला म्हणूनच उन्हाळ्याच्या आधी तपासणे शहाणपणाचे. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहणार असेल तर एजीएमला चालणारा चार्जर लावून ठेवावा.

काही हौशी मालक छोटी बॅटरी काढून टाकतात आणि वायरिंग बदलून सगळा भार मोठीवर आणतात. त्यामुळे गुंता कमी होतो, पण स्टार्ट-स्टॉप कायमचे बंद करावे लागते आणि हमीचा प्रश्नही उभा राहतो.

पर्यायी रचना. दुसरी बॅटरी हाच एकमेव उपाय नाही. काही गाड्यांत सेल्फच्या क्षणी दाब सावरणारे डीसी-डीसी उपकरण असते, तर काहींत क्षणिक मोठा प्रवाह देणारे अतिधारित्र. मारुती सुझुकीने २०१८ च्या सियाझमध्ये शिसे-आम्ल बॅटरीला लिथियम-आयनची जोड दिली. रँग्लरच्याच ई-टॉर्क रूपात ४८ व्होल्टची लिथियम बॅटरी आणि पट्ट्यावर चालणारा मोटर-जनरेटर मिळून इंजिन पुन्हा सुरू करतात.

व्यावहारिक महत्त्व. पूर्वी बॅटरी उतरली तर चार माणसे गाडीला धक्का मारत आणि गाडी सुरू होई. स्वयंचलित गिअरच्या गाडीत तो मार्ग उरलेला नाही. म्हणून दुर्गम वाटेवर जाणाऱ्याने निघण्यापूर्वी तीन गोष्टी जाणून घ्याव्यात : आपल्या गाडीत किती बॅटऱ्या आहेत, त्या कोठे आहेत, आणि इंजिन बंद असताना कोणते उपकरण कोणत्या बॅटरीवर चालते. सोबत भारित जंप-स्टार्टर ठेवावा, आणि मुक्कामाला दिवे व फ्रिज चालवायचे असतील तर त्यांच्यासाठी वेगळी, तोडता येणारी बॅटरी बसवावी. दोन बॅटऱ्यांचा खरा उपयोग त्यांच्या संख्येत नसून त्यांच्यातल्या कामाच्या वाटणीत आहे. मालकाला ती वाटणी माहीत असेल तरच दुसरी बॅटरी अडचणीत साथ देते.