द्वंद्वाचें पिस्तूल : त्याचें रूप आणि त्याचें काम

चारपांच वर्षांपूर्वीं देशावरील एका जुन्या सरदार घराण्याच्या वाड्यांत कांहीं कागदपत्रें पाहण्यासाठीं माझें जाणें झालें. कागद फारसे उपयोगाचे निघाले नाहींत. वाळवीनें आपलें काम चोख बजावलें होतें. माझा हिरमोड झालेला पाहून घरच्या वृद्ध यजमानांनीं कपाटांतून एक चपटी लांकडी पेटी काढून माझ्यापुढें ठेविली. आंत हिरव्या बनातीच्या खणांत इंग्रजी बनावटीचीं दोन पिस्तुलें, दारूचें भांडें, गोळ्या ओतण्याचा सांचा आणि नळी साफ करण्याची काठी अशी सर्व सामग्री नीट बसविलेली होती. पिस्तुलें दिसण्यांत अगदीं साधीं : तपकिरी रंगाची नळी, अक्रोडाच्या लांकडाचा दस्ता आणि त्यावर नखाएवढी चांदीची चकती. यजमानांचा नातू जवळ उभा होता. त्यानें चापाच्या वरच्या अंगाचें एक लहानसें झांकण उचललें, तों आंतून पिवळा धमक सोन्याचा पत्रा चमकला. "आजोबा, सोनें लावायचेंच होतें तर तें असें आंत लपवून कां लावलें?" असें त्यानें विचारलें. आजोबांना उत्तर देतां आलें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर त्या वेळीं मलाहि देतां आलें नाहीं.

पुढें या विषयावरचें जें जें हातीं आलें तें वाचीत गेल्यावर उत्तर मिळालें, आणि त्या कारागिरांविषयींची माझी कल्पनाच पालटली. शोभा आणि उपयोग यांचें भांडण कलेच्या इतिहासांत जुनें आहे. परंतु तें प्राणांवर बेतावें अशा वस्तू थोड्या. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत लंडनच्या कारागिरांनीं श्रीमंत गिऱ्हाइकांच्या हुकुमावरून घडविलेलें द्वंद्वाचें पिस्तूल ही त्यांपैकीं एक होय.

त्या काळचें पिस्तूल ठासणीचें असे. नळीच्या तोंडांतून दारू व गोळी ठासावयाची. नळीच्या बुडाशीं एक बारीक छिद्र, आणि त्याच्या बाहेर चिमूटभर बारीक दारू, म्हणजे आपले लोक जिला रंजक म्हणत ती, ठेवण्यासाठीं एक छोटा प्याला. चाप ओढला कीं जबड्यांत गारेचा तुकडा धरलेला घोडा पुढें झेंप घेतो, पोलादी पट्टीवर घासून ठिणग्या पाडतो, त्याच आघातानें प्याल्यावरचें झांकण उघडतें, रंजक पेटते, तिची ज्वाळा छिद्रांतून आंत शिरते आणि मग बार उडतो. यांतली एक पायरी जरी चुकली तरी नुसता 'खट्ट' असा आवाज होऊन प्रकरण तेथेंच थांबतें. शिवाय जळलेल्या दारूची राख हवेंतील ओल शोषून घेते व लोखंड खाते. प्याला गंजला, छिद्र झिजून मोठें झालें, कीं बार कधीं उशिरा उडतो, कधीं उडतच नाहीं. सोन्याला गंज चढत नाहीं. म्हणून प्याल्याला आंतून सोन्याचें अस्तर, आणि छिद्राला सोन्याची व पुढें पुढें प्लॅटिनमची चकती बसवूं लागले. त्या मुलाला जो दागिना वाटला, तें त्या यंत्राचें सर्वांत कष्टाळू अंग होतें.

द्वंद्वयुद्धाची रीत युरोपांत फार जुनी. मात्र ती तलवारीची. कमरेस तलवार लावून हिंडण्याची चाल इंग्लंडांत मागें पडली, तसतसे मानापमानाचे निवाडे पिस्तुलानें होऊं लागले. आरंभीं लोक प्रवासांत किंवा घोडेस्वारींत वापरावयाचीं पिस्तुलेंच यासाठीं नेत. १७७० च्या सुमारास मात्र या एकाच कामासाठीं घडविलेल्या जोड्या दिसूं लागतात. १७७७ सालीं आयर्लंडांतील क्लॉनमेल येथें द्वंद्वाचे नियमहि ठरविण्यांत आले. ज्या कृत्याला कायदा खून म्हणतो त्याला इतकी बारीक नियमावली असावी, हा प्रकार आज आपल्यास हास्यास्पद वाटतो. पण तो काळ त्याकडे अत्यंत गंभीरपणें पाहत होता.

पिस्तुलाचें काम बिघडलें म्हणजे काय होतें याचें एक उदाहरण आपल्या इतिहासाच्या अगदीं उंबऱ्यावरचें आहे. १७ ऑगस्ट १७८० रोजीं सकाळीं कलकत्त्याजवळ अलीपूर येथें गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज आणि त्याच्या कौन्सिलांतील सभासद फिलिप फ्रान्सिस हे हातांत पिस्तुलें घेऊन एकमेकांसमोर उभे राहिले. दोघांचें वैर जुनें होतें. परंतु या वेळच्या भडक्याचें निमित्त मराठ्यांशीं चाललेलें युद्ध हें होतें. महादजी शिंद्यांच्या मुलखावर फौज घालून गुजराथेंतील गॉडर्डवरचा दाब हलका करावा, हा हेस्टिंग्जचा बेत. युद्धाच्या कामीं आडवें न येण्याचें वचन देऊन फ्रान्सिसनें तें मोडलें, असा त्याचा आरोप. आणि तो त्यानें, फ्रान्सिसच्या सचोटीवरच घाव घालून, लेखी नमूद केला. त्याच ऑगस्टच्या आरंभीं पॉपहॅमनें रात्रीं शिड्या लावून ग्वाल्हेरचा किल्ला घेतला होता. तिकडे ग्वाल्हेरीस निशाण बदललें आणि इकडे अलीपुरास हे दोन मुत्सद्दी झाडाखालीं जागा शोधीत होते.

हेस्टिंग्जचा पाठीराखा कर्नल पिअर्स यानें त्या सकाळची हकीकत लिहून ठेविली आहे. अंतर १४ पावलें ठरलें. दोघेहि या विद्येंत जवळ जवळ कोरेच होते. फ्रान्सिसनें चाप ओढला. बार उडाला नाहीं, कारण दारू ओलसर होती. हेस्टिंग्जनें आपलें रोखलेलें पिस्तूल खालीं घेतलें व प्रतिपक्ष्यास रंजक बदलण्यास अवसर दिला. ती दारूहि पिअर्सनेंच आपल्या काडतुसांतून पुरविली! मग दोघांच्या गोळ्या जवळ जवळ एकदम सुटल्या आणि फ्रान्सिस जखमी होऊन पडला. तो वांचला, विलायतेस परतला, आणि १७८८ पासून १७९५ पर्यंत हेस्टिंग्जवर जो महाअभियोग चालला त्यामागें त्याची चिथावणी केवढी होती, हें इतिहासाच्या वाचकांस ठाऊकच आहे. जरतरच्या वाटेला जाऊं नये, असें मी विद्यार्थ्यांना नेहमीं बजावतों. येथें एकदां ती मर्यादा मोडतों. बंगालच्या पावसाळ्यानें तेवढी चिमूटभर दारू भिजविली नसती आणि ती पहिली गोळी वर्मीं लागली असती, तर १७८२ च्या सालबाईच्या तहाचीं कलमें कोणी व कशीं लिहिलीं असतीं?

अशी फजिती होऊं नये हेंच लंडनच्या कारागिरांचें ब्रीद होतें. हेमार्केटमधील रॉबर्ट वॉग्डन हा त्यांतील पहिल्या पिढीचा अग्रणी. त्यानंतर जॉन मँटन व त्याचा धाकटा भाऊ जोसेफ मँटन यांनीं ही विद्या शिखरास नेली. जोसेफच्या नेमबाजीच्या दालनांत कवि बायरन हौसेनें जात असे. यांच्या पिस्तुलांची नळी बहुधा ९ ते १० इंच लांब व बाहेरून अष्टकोनी. तिचा व्यास आंतून अर्ध्या इंचाच्या आसपास. नळीवर मुद्दाम तपकिरी गंजाचा पातळ थर चढवीत, कारण उन्हांत चकाकणारें लोखंड नेम धरणाराचे डोळे दिपवितें. त्याच कारणानें चांदीचीं नक्षीदार टोपणें हळूहळू नाहींशीं झालीं. मुठीवर बारीक चौकटींची जाळी कोरलेली असे. ती पाहण्यास सुंदर, पण तिचें खरें प्रयोजन घाम सुटलेल्या तळव्याला लांकूड धरून राहतां यावें हें. आणि अशा प्रसंगीं कोणाच्या तळव्याला घाम सुटत नसेल? घोड्याच्या आघातानें उघडणाऱ्या झांकणाखालच्या कमानीशीं एक इवलेंसें चाक बसवून घर्षण कमी केलेलें असे. या सर्वांहून महत्त्वाचा मुठीचा बांक. हात वर उचलतांच, डोळ्यानें शोधण्याची वाट न पाहतां, नळी आपोआप नजरेच्या रेषेंत यावी असा तो बांक साधला पाहिजे. शिंपी जसा अंगरखा बेततो तसें हें काम.

येथें एक भ्रम मात्र टाळला पाहिजे. 'जें उपयुक्त तें आपोआप सुंदर' हें सूत्र आमच्या पिढीनें इंग्रजी पुस्तकांतून घोकलें, आणि मँटनचें पिस्तूल पाहून कोणालाहि तें सिद्ध झालेंसें वाटेल. पण हें साधेपण वैराग्याचें नव्हतें. लांकूड व लोखंड यांच्या सांध्यांत कागद शिरूं नये इतकें तें काम काटेकोर. आणि असें साधें दिसण्यास पैसा पुष्कळ पडे. भपका करणें हें नवश्रीमंताचें लक्षण, ही त्या समाजाची समजूत कारागिराच्या कानसेंतहि उतरली होती. नटणें त्यांनीं सोडलें नव्हतें. नटण्याची जागा बदलली होती.

त्याच सुमारास पॅरिसजवळच्या व्हर्साय येथें निकोला नोएल बुते हा दुसऱ्या टोंकाची कला करीत होता. राज्यक्रांतीच्या काळांत निघालेल्या तेथील शस्त्रशाळेचा तो कलाप्रमुख. नेपोलियनच्या अमदानींत बहुमान म्हणून द्यावयाचीं शस्त्रें तेथें घडत. निळसर झांक दिलेल्या नळ्यांवर सोन्याची वेलबुट्टी, दस्त्यांत चांदीचें जडावकाम, मुठीच्या टोंकास ग्रीक पुराणांतील मेडुसेचें मुख. १८१५ सालीं प्रशियन सैन्यानें ही शस्त्रशाळा लुटली आणि १८१८ सालीं बुतेचा तिच्याशीं असलेला संबंध संपला. इंग्रज लेखक या शोभेस नाकें मुरडतात. मला तें सर्वस्वी पटत नाहीं. सत्तेच्या शस्त्राला मारण्याखेरीज आणखीहि एक काम असतें, तें म्हणजे सत्ता दाखविण्याचें. श्रीरंगपट्टण १७९९ सालीं पडल्यावर टिपूच्या ज्या बंदुका व पिस्तुलें इंग्रजांच्या हातीं लागलीं त्यांवर वाघाचीं चिन्हें आहेत. तीं नुसती नक्षी नव्हे. ती राजमुद्रा होय. टिपूच्या शस्त्रावरचा वाघ काढून टाकला तर त्याचें अर्धें काम नाहींसें होईल.

शिवाय बुतेच्या सजविलेल्या नळ्यांना आंतून सर्पिल खाचा पाडलेल्या असत. या खाचांमुळें गोळी स्वतःभोंवतीं फिरत सरळ जाते व नेम चुकत नाहीं. फ्रेंच लोकांना त्यांत गैर वाटत नसे. इंग्रज शिष्टाचाराला मात्र खाचांची नळी नामंजूर : कांहीं वाटा नशिबाचाहि राहिला पाहिजे, म्हणून नळी आंतून गुळगुळीत हवी. आणि याच शिष्ट लंडनमध्यें कांहीं कारागीर अशी नळी करून देत कीं, खाचा आंत पाडलेल्या, परंतु तोंडापाशीं दोनएक बोटें गुळगुळीत सोडलेली. वरून पाहणाराला ती निष्पाप दिसे! सोन्यानें मढविलेलें फ्रेंच पिस्तूल आपलें सामर्थ्य उघड सांगत होतें, आणि साधें इंग्रज पिस्तूल तें लपवीत होतें. माझ्या मतें या सर्व इतिहासांतील बोचणारी जागा ही आहे.

तिचें सर्वांत दुःखद उदाहरण अमेरिकेंतलें. ११ जुलै १८०४ रोजीं न्यू जर्सींतील वीहॉकेन येथें अमेरिकेचा उपाध्यक्ष आरन बर याच्या गोळीनें अलेक्झांडर हॅमिल्टन घायाळ झाला व दुसऱ्या दिवशीं मरण पावला. ती जोडी वॉग्डन आणि त्याचा भागीदार बार्टन यांच्या कारखान्यांतली. मालक हॅमिल्टनचा साडू जॉन चर्च. १८०१ सालीं हॅमिल्टनचा वडील मुलगा द्वंद्वांत मेला, तोहि याच जोडीपुढें, असें सांगतात. या पिस्तुलांना हलका चाप होता. चाप पुढें ढकलून ठेवला कीं एक आंतली कमान ताणली जाते, आणि मग बोटाचा नुसता स्पर्श पुरतो. १९७६ सालीं अमेरिकन स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त त्यांच्या प्रतिकृति करण्यासाठीं तीं उघडलीं, तेव्हां ही युक्ति लोकांच्या नजरेस आली. ती कमान ताणूं का, असें पाठीराख्यानें विचारलें असतां हॅमिल्टननें या खेपेस नको म्हणून सांगितलें होतें. तरीहि त्याची गोळी बरच्या डोक्यावरून झाडांत गेली. ती मुद्दाम वर सोडली कीं बोट नकळत दाबलें गेलें, यावर विद्वानांचा वाद अजून मिटलेला नाहीं. बोटाची इच्छा आणि गोळीचें सुटणें यांमधलें अंतर कारागिरानें इतकें कमी करून ठेविलें होतें कीं, मरणाऱ्याच्या मनांत काय होतें हें त्या पिस्तुलावरून सांगण्याची सोय उरली नाहीं.

पुढचा भाग थोडक्यांत आटोपतो. १८०७ सालीं अलेक्झांडर फॉर्साइथ या स्कॉटिश धर्मोपदेशकानें आघातानें पेटणाऱ्या दारूचें पेटंट घेतलें. मग गार गेली, प्याला गेला, आणि सोन्याच्या अस्तराचें प्रयोजनहि गेलें. जोसेफ मँटन आपल्या शोधांपायीं सरकारशीं व प्रतिस्पर्ध्यांशीं झगडतां झगडतां खंक झाला; १८२६ सालीं त्याचें दिवाळें निघालें आणि १८३५ सालीं तो वारला. १८४४ सालीं इंग्रजी लष्कराचे नियम द्वंद्वाविरुद्ध कडक झाले, आणि ती चालच इंग्लंडांतून उठली.

सोन्याचें कारण कळल्यावर मीं त्या वाड्यावर पत्र लिहून नातवाला त्याच्या प्रश्नाचें उत्तर कळविलें, आणि दोन्ही प्याले भिंगानें पाहून कळवावें अशी विनंति केली. पंधरा दिवसांनीं त्याचें उत्तर आलें. एका पिस्तुलाचा प्याला अगदीं स्वच्छ आहे. दुसऱ्याच्या कोंपऱ्यांत, सोन्याच्या पत्र्याच्या कडेला, काळा डाग आहे व तो पुसला जात नाहीं. हा बार कोणी, कोठें व कोणावर काढला, याविषयीं घरांत कोणालाच कांहीं ठाऊक नाहीं. कदाचित् कागदांत असेल, असें आजोबा म्हणतात.